नगं माय

दौंड
६ ऑक्टोबर २०२५

मदिनाभाभींना सोपान जगदाळेचा नमस्कार.

इब्राहिम गेल्याची बातमी आली तेव्हा मी दवाखान्यात होतो, म्हणून मयतीला येता आलं नाही. ही सल आता जन्माची. उभी हयात आम्ही डबिंगच्या कोंदट खोल्यांत एकत्र काढली. तो माईकपुढे उभा राहून शेळी व्हायचा, कावळा व्हायचा, तान्हं मूल व्हायचा, आणि मी काचेच्या अलीकडे कानाला हेडफोन लावून ते सगळं टेपवर उतरवून घ्यायचो. आता तो गेला. माझे कान त्याच्या आधीच गेले. कानात मशीन लावलं तर नुसती शिट्टी ऐकू येते, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. आमच्या सूनबाई अनिता म्हणतात, व्हॉट्सॅपवर लिहा. ती बारीक अक्षरं टोचत बसण्यापेक्षा पोस्टात पत्र टाकलेलं मला बरं वाटतं.

आमच्या ‘पडद्यामागची मंडळी’ या मंडळानं २८ डिसेंबरला, रविवारी, दौंडला इब्राहिमच्या आठवणीचा कार्यक्रम ठरवला आहे. तुमचे इद्दतीचे चार महिने दहा दिवस तोवर संपतात हे विचारूनच तारीख धरली. ‘माळावरचा पाळणा’मधला पाळण्याचा प्रसंग पडद्यावर दाखवणार आहोत. त्यातली शेळी इब्राहिमची, तान्ह्याचं रडणंही त्याचंच, हे आता तरी लोकांना कळू दे. त्यातली आई झालेल्या अनुपमाबाई पुण्याहून येतील. रिकाम्या पाळण्यापुढचं त्यांचं ‘नगं माय’ ऐकून लोक अजूनही डोळे पुसतात. फोटोवरचा पडदा तुमच्या हातानं सरकवायचा आणि मग माईकवर दोन शब्द बोलायचे, अशी सगळ्यांची इच्छा आहे.

एक चांगला फोटो पाठवा. फलकाचा मजकूर सोबत जोडला आहे.

आपला,
सोपान

*

शिरूर
१४ ऑक्टोबर २०२५

सोपानभाऊंना मदिनाचा सलाम.

पत्र मिळालं. दोन फोटो पाठवते आहे. टोपी घातलेलाच लावा, दुसऱ्यात हे शेळीचा आवाज काढताना आलेत. फलकावर तुम्ही ‘कै. इब्राहिम आतार’ असं लिहिलंय. अहो, ह्यांना कैलासाला कशाला धाडता? तिथं ह्यांच्या ओळखीचं कोणी नाही. ‘मरहूम’ लिहा, नाहीतर नुसतं नाव पुरे.

आता दुसरी गोष्ट. मी अंगणवाडीत नोकरी केली आहे, आडवळणानं लिहायची सवय नाही. तुम्हाला ऐकू येत नाही ते एका परीनं बरंच झालं. घरातला फोन बिलालच्या खिशात असतो आणि हे मला मुलाच्या कानावर घालायचं नाही. इद्दतीमुळे उंबऱ्याबाहेर पडता येत नाही, म्हणून पत्रातच विचारते.

ह्यांच्या ट्रंकेत, तळाशी, स्वेटरखाली एक कॅसेट सापडली. मोज्यात घालून, मोज्याला गाठ मारून ठेवलेली. ज्या माणसाला स्वतःचा चष्मा कधी जागेवर ठेवता आला नाही, त्यानं ही एवढी जपून ठेवली. वर काही लिहिलेलं नाही. सून महेजबीन बाजारात गेली होती तेव्हा मी ती ह्यांच्या जुन्या टेपवर लावली. बटण दाबून धरावं लागतं आणि आवाज ओढल्यासारखा येतो, पण कळायचं ते कळलं.

एक बाई रडते आहे. सिनेमातलं नटवं रडणं मला ओळखता येतं, हे तसं नाही. पोटातून रडते आहे. मधेच ‘नगं, नगं’ म्हणते. मग एक पुरुष खोकतो आणि टेप थांबते. तो खोकला मी लग्न झाल्यापासून ऐकत आले.

ती बाई कोण? मुंबईला तुम्ही दोघं एका खोलीवर राहायचा. तुम्हाला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

बिलालची अम्मी,
मदिना

*

दौंड
२० ऑक्टोबर २०२५

मदिनाभाभींना नमस्कार.

फोटो पोचले. फलकावरचा मजकूर बदलला. ती चूक माझीच, ‘कै.’ लिहायची हाताला खोड लागली आहे.

त्या कॅसेटचं मात्र कोणाकडे बोलू नका. सुनेकडे नको, बिलालकडे नको, आणि आमच्या मंडळाच्या अध्यक्षाच्या, पृथ्वीराजच्या कानावर तर अजिबात जाऊ देऊ नका. शक्य असेल तर ती चुलीत घाला. तुमच्या मनात जे आलं आहे तसलं त्यात काही नाही, एवढं मी इब्राहिमच्या फोटोवर हात ठेवून सांगतो. पण त्यात एका बाईच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. इब्राहिमनं माझ्याकडून शब्द घेतला होता, आणि तो गेला म्हणून शब्द जात नाही. यापुढं मला काही विचारू नका.

कार्यक्रमाची तयारी चांगली चालली आहे.

आपला,
सोपान

*

शिरूर
१ नोव्हेंबर २०२५

सोपानभाऊंना सलाम.

जाळून टाका म्हणता. तसलं काही नाही म्हणता. तसलं काही नसेल तर जाळायचं कशासाठी? आणि इभ्रत त्या बाईची तेवढी खरी, माझी काय भाजीबरोबर फुकट आलेली कोथिंबीर आहे का?

तुमचं पत्र आल्यापासून मी मागचं सगळं उकरत बसले आहे. दुसरं काम तरी काय आहे मला? मुंबईहून आले की ह्यांचा घसा बसलेला असायचा. मी दुधात हळद घालून द्यायचे, आणि हे पेला हातात धरून भिंतीकडे बघत बसायचे. कुणासाठी बसत होता तो घसा, हे मी तेव्हा विचारलं नाही. गुपचूप पेला धुवून टाकत राहिले.

कॅसेट मी पुन्हा ऐकली. अनुपमाबाई नव्हेत त्या, त्यांचा आवाज रेडिओवर ऐकलाय, तो गुळगुळीत आहे. ही बाई आपल्याकडची आहे. ‘नगं’ असं नाकातून म्हणणारी बाई पुण्या-मुंबईची नसते. शिक्रापूर, केंदूर, नाहीतर तुमच्या दौंडकडची. तुमच्या नात्यातली आहे का? म्हणून तुमची दातखीळ बसली आहे का?

हे विचारायला मला लाज वाटत नाही. ज्यांना वाटायला हवी होती त्यांनी मोज्याला गाठ मारून ठेवली.

बिलालची अम्मी,
मदिना

*

दौंड
९ नोव्हेंबर २०२५

मदिनाभाभी,

तुमचं पत्र वाचून मी जेवलो नाही. माझ्या घरातल्या बायकांपर्यंत तुम्ही गेलात. इब्राहिम असता तर त्यानं तुम्हाला नाही, मलाच हसून वेड्यात काढलं असतं, पण तो नाही.

आता माझ्याही मनात आलेलं लिहितो. पृथ्वीराज मागच्या आठवड्यात शिरूरला तुमच्याकडे येऊन गेला, हे मला उशिरा समजलं. त्याला पुढं निवडणूक लढवायची आहे. कार्यक्रमाला गर्दी हवी, पेपरात नाव हवं, आणि त्यासाठी एखादं खळबळजनक प्रकरण मिळालं तर त्याला हवंच आहे. माझ्याकडेही तो खोदून खोदून विचारत असतो की जुन्या सिनेमांतली एखादी लपलेली भानगड सांगा. त्यानंच तुम्हाला पढवलं असावं अशी शंका मला येते. तुम्हाला सगळं आधीच ठाऊक आहे, आणि तुम्ही ‘ती बाई कोण’ असं साळसूदपणे विचारून माझ्या अक्षरातला कागद मिळवायला बघता आहात, असंही वाटतं. तो कागद त्याच्या हातात पडला की दुसऱ्या दिवशी छापून येईल.

तसं असेल तर मी सांगून ठेवतो, माझ्या हातून ते होणार नाही.

सोपान

*

शिरूर
१७ नोव्हेंबर २०२५

सोपानभाऊंना सलाम.

तुमचा पृथ्वीराज आला होता, फोटोच्या चौकटीचं माप विचारायला. इद्दतीत मी परक्या पुरुषासमोर जात नाही. तो ओट्यावर बसला, बिलालनं चहा दिला आणि तो गेला. आतल्या खोलीतून मला त्याचे बूट तेवढे दिसले. मला पढवायला माणूस लागतो असं तुम्हाला वाटलं, याचं हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

आता ऐका, मला हे का कळायला हवं ते सांगते. हे मी आजवर कोणाला लिहिलेलं नाही.

आम्ही केंदूरला राहत होतो तेव्हाची गोष्ट. बिलालच्या आधी मला एक मुलगी झाली होती. नीट बोलायला लागायच्या आतच तापात गेली. हे शूटिंगला लांब होते. निरोप पोचून घरी आले तोवर माती देऊन झाली होती. मी आत ऊर बडवत होते आणि हे दाराबाहेर उभे होते. मला फटीतून ह्यांची चप्पल दिसत होती. आत आले नाहीत. डोळ्यातून टिपूस काढलं नाही. दिवस झाले आणि हे परत कामावर गेले, दुसऱ्यांच्या सिनेमात पोरांची रडणी काढायला. त्यानंतर आमच्या घरात त्या पोरीचं नाव कधी निघालं नाही. मी घेतलं नाही, ह्यांनी घेतलं नाही. बिलालला आपल्याला बहीण होती हेसुद्धा माहीत नाही. पाळण्याचा तुमचा तो सिनेमा आला तेव्हा हे म्हणाले, ‘तू नको बघू,’ आणि मी बघितला नाही.

मी मनाशी धरून चालले की ह्या माणसाच्या आत काही नाही, नुसते आवाज भरलेत. तसं धरूनच संसार केला. वाईट केला नाही. माणूस चांगला होता, कधी हात उगारला नाही की शिवी दिली नाही. पण ती चप्पल माझ्या डोळ्यांपुढून कधी गेली नाही.

आणि आता कळतं की कोणी एक बाई ह्यांच्यासमोर रडली, आणि तिचं रडणं ह्यांनी मरेपर्यंत जपून ठेवलं. माझं दाराबाहेरून ऐकलं आणि निघून गेले. तिचं ठेवलं. मला भांडायचं नाही. ती जिवंत असली तर तिच्या दारात जाऊन उभीही राहणार नाही. मला फक्त तिचं नाव हवं आहे.

नाही कळवलंत तर मी दौंडला येणार नाही. माझ्या मनात ही अढी ठेवून त्या फोटोशेजारी उभं राहायला मला जमणार नाही. पडदा तुमच्या हातानं सरकवा.

बिलालची अम्मी,
मदिना

*

दौंड
२५ नोव्हेंबर २०२५

मदिनाभाभींना सोपानचा नमस्कार.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं त्याची माफी मागतो. आज शब्द मोडतो आहे. इब्राहिम वर भेटेल तेव्हा काय ते त्याच्यापाशी निस्तरीन.

कॅसेटवर बाई नाही. ते रडणं इब्राहिमचं आहे.

‘माळावरचा पाळणा’चं डबिंग चाललं होतं. डबिंगमध्ये सिनेमाचा एकच तुकडा पडद्यावर फिरून फिरून येत राहतो आणि नटानं अंधारात उभं राहून त्यावर आवाज द्यायचा असतो. रिकाम्या पाळण्याचा तुकडा लागला. अनुपमाबाईंनी तेव्हा नुकतंच लग्न केलं होतं, सुखात होत्या, आणि त्यांच्या गळ्यातून रडणं निघेना. निघालं ते नाटकातलं. दिग्दर्शक वैतागले, बाई खरोखरच रडकुंडीला आल्या, पण ते रडणं वेगळं होतं, माईकला त्याचा उपयोग नव्हता. इब्राहिम शेळीसाठी थांबला होता. तो म्हणाला, ‘मी बघू का एकडाव?’ सगळे हसले. पडद्यावर बाईंचं तोंड पाळण्यात खुपसलेलं असल्यामुळे ओठ जुळवायची भानगड नव्हती, म्हणून दिग्दर्शक म्हणाले, बघ बाबा.

त्यानं खोलीतला होता नव्हता तो दिवा घालवायला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. मग ते आलं. भाभी, मी आयुष्यात हजार माणसं रडताना टेपवर घेतली, पण तेव्हा माझा हात बटणावरून निघाला. झाल्यावर तो खूप खोकला, कारण पुरुषाच्या गळ्यातून बाईचा आवाज काढला की घसा सोलवटतो. अनुपमाबाई त्याच्या पाया पडल्या. तोच म्हणाला, हे तुमच्याच नावावर राहू द्या, कोणाला सांगू नका. आम्हा तिघाचौघांनी शब्द दिला. त्या रडण्यावर बाईंना बक्षिसं मिळाली, पुढची सगळी कामं मिळाली. आज त्या थकल्या आहेत, आणि लोकांनी त्यांना ओळखावं असं तेवढंच उरलं आहे. इभ्रत म्हणालो ती ही.

कॅसेट त्यानं मागून घेतली. मीच उतरवून दिली होती. तेव्हा मी विचारलं, ‘इब्र्या, हे आणलंस कुठनं?’ तो म्हणाला, ‘घरातनं आणलंय.’ मला वाटलं थट्टा करतोय. तुमचं मागचं पत्र वाचलं आणि त्याचा अर्थ लागला.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. माणसाला जगातला कुठलाही आवाज ओळखू येतो, स्वतःचा येत नाही. पहिल्यांदा टेपवर ऐकणारा प्रत्येक जण म्हणतो, हा मी नव्हे. तेव्हा एक करा. ती कॅसेट महेजबीनला ऐकवा. आधी काही सांगू नका. फक्त विचारा, ही कोण आहे.

त्यानंतर यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आलात तर माईक तुमच्या हातात असेल, आणि तिथं अनुपमाबाईही असतील. एवढीच विनंती करतो की हे लक्षात असू द्या.

सोपान

*

शिरूर
१५ डिसेंबर २०२५

सोपानभाऊंना सलाम.

इद्दत संपली. तुम्ही सांगितलं तसं केलं. महेजबीन स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी तिच्यासमोर टेप ठेवली आणि बटण दाबून धरलं. थोडं ऐकलं आणि तिनं हात थांबवले. म्हणाली, ‘अम्मी, ये तो तुमीच है ना? काहेको रोये इत्ता?’ मी बटण सोडलं. टेप घेऊन आत गेले.

मग माझंच रडणं दाराबाहेरून उचलून नेलं म्हणायचं. दुसऱ्या बाईच्या नावावर चढवलं आणि गावोगाव तिकीट लावून लोकांना दाखवलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं का, हे आता मलाही सांगता येणार नाही. सवत शोधत होते, ती मीच निघाले. ह्याचं हसावं का रडावं, ते अजून ठरत नाही.

मी येणार आहे. बिलाल आणि महेजबीन बरोबर असतील. माईकवर काय बोलायचं ते मी ठरवलं आहे. तुम्हाला आधी कळवणार नाही, तुम्ही मला काय काय सांगितलं नव्हतंत ते आठवा.

बिलालची अम्मी,
मदिना

*

दौंड
२ जानेवारी २०२६

मदिनाभाभींना नमस्कार.

कार्यक्रम झाला, तुम्ही सगळे सुखरूप पोचलात हे अनिताकडून कळलं. पण माझा जीव अजून थाऱ्यावर नाही.

खरं सांगतो. मी त्या दिवशी पहिल्या रांगेत मुद्दाम ॲम्प्लिफायरशेजारी बसलो होतो. तुम्ही अनुपमाबाईंचं बिंग फोडायला लागलात तर सरळ वायर उपटायची, असा माझा बेत होता. बसल्यावर लक्षात आलं की उपटायची कधी हे मला कळणार कसं? सभागृहात मीच एक ठार बहिरा. तरी वायरला हात लावून बसलो होतो.

पडद्यावर पाळणा आला. मला ऐकू काहीच आलं नाही, पण माणसांचे रुमाल निघाले त्यावरून तो क्षण कळला. तुम्ही टक लावून बघत होता. मग फोटोवरचा पडदा तुम्ही सरकवला आणि माईकपाशी गेलात. अनुपमाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.  मग तुमचे ओठ दोनदा हलले. एवढंच. आणि सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं, आणि अनुपमाबाई खुर्चीतून उठून तुमच्यापाशी आल्या, काहीतरी विचारलं, आणि तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

तुम्ही काय बोललात? अनिता म्हणते, ‘त्या “नगं माय” म्हटल्या, मामंजी, आन् परत येऊन बसल्या.’ पृथ्वीराज म्हणतो तेच. पेपरातही तसंच छापून आलं आहे, की दिवंगत कलावंताच्या पत्नीनं अनुपमाबाईंचा गाजलेला संवाद म्हणून त्यांना मानवंदना दिली.

पण कान गेल्यापासून मी माणसांचे ओठ बघत जगतो. ‘माय’ म्हणताना शेवटी ओठ दोन्ही बाजूंना ताणले जातात. तुमचे ताणले नाहीत. तोंड उघडंच राहिलं. मला सगळे येड्यात काढतात, पण तुम्ही ‘नगं माय’ म्हणाला नाहीत. मग काय म्हणालात?

सोपान

*

शिरूर
९ जानेवारी २०२६

सोपानभाऊंना बहिणीचा सलाम.

तुमचे डोळे खोटं सांगत नाहीत. मी ‘माय’ म्हटलं नाही. ‘नगं’सुद्धा म्हटलं नाही.

महेजबीननं आवाज ओळखला त्या दिवशी मी दार लावून घेतलं आणि कॅसेट परत लावली. त्याआधी दोनदा ऐकली होती ती संशयानं ऐकली होती. परकी बाई रडते आहे असं मनाशी धरलं, मग ती कशाला तरी ‘नगं, नगं’ म्हणतच असणार असं कानानं ऐकलं. तुम्ही लोकांनी पाळणा बघत ऐकलं, तुम्हाला वाटलं आई धरणीमायला हात जोडते आहे. ह्या वेळी मी आपलं रडणं म्हणून ऐकायला बसले. माझं मलाच कसं रडता येत होतं ते बघावं म्हणून. आणि ऐकलं तर तो एकच शब्द होता, ओढलेला, मधे हुंदक्यानं तुटलेला.

माझ्या पोरीचं नाव नगमा होतं.

माझा आवाज ह्यांनी उचलला असं वाटून मी दोन दिवस चिडून होते. मग एक गोष्ट आठवली. सोपानभाऊ, त्या दिवशी मी तिचं नाव घेतलंच नव्हतं. मी अल्ला अल्ला करत होते, नुसती ओरडत होते, शेजारच्या बायका मला धरून होत्या. नाव माझ्या तोंडून निघत नव्हतं, निघालं असतं तर ती गेली हे खरं झालं असतं. ह्यांनी आवाज माझा नेला, पण त्या आवाजात नाव घेतलं ते ह्यांनी. घरी जमलं नाही, दारात जमलं नाही, माझ्यासमोर कधी जमलं नाही, म्हणून दिवे घालवून, भिंतीकडे तोंड करून, माझा गळा लावून ह्यांनी पोरीला हाक मारली. तुम्ही तिथं होता. माझा नवरा रडला तेव्हा त्याच्याजवळ कोणीतरी आपलं माणूस होतं, हे मला फार बरं वाटलं.

आणि मी उभा जन्म म्हणत राहिले की ह्या माणसाच्या आत काही नाही.

स्टेजवर जाईपर्यंत माझं काही ठरलेलं नव्हतं, पत्रात लिहिलं ती नुसती तुम्हाला भीती दाखवली. पडद्यावर पाळणा हलला, ते ऐकू आलं, आणि शेजारी महेजबीन डोळे पुसते आहे, बिलाल पुसतो आहे, दौंडची सगळी माणसं पुसत आहेत. आपण कोणासाठी रडतो आहोत हे एकालाही माहीत नव्हतं. मग मी माईकपाशी गेले आणि तिला हाक मारली. ती गेल्यावर पहिल्यांदा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं मी बाईंचा संवाद म्हटला. वाटू दे.

अनुपमाबाईंना मात्र कळलं. ते शब्द आपले नव्हते हे तिथं ऐकू येणाऱ्यांत त्या एकट्याच जाणत होत्या ना. जवळ येऊन कानात म्हणाल्या, ‘नगमा कोण?’ मी म्हटलं, ‘थोरली माझी.’ मग त्या रडल्या. तुम्ही बघितलं ते खरं रडणं होतं, तुमच्या डबिंगच्या दिवशी निघालं नव्हतं ते. त्यांच्या नावावर जे आहे ते असू द्या, मला परत नको. माझ्या पोरीसाठी दुसरं कोण एवढं रडलं असतं?

घरी येताना न्हावरे गावाच्या पुढं बिलालनं विचारलं, ‘अम्मी, तुमने माय नै बोल्या. क्या बोल्या?’ पोरगा ह्यांचाच, कान तसेच आहेत. मी सांगितलं. त्यानं गाडी बाजूला घेऊन बंद केली. काल तो महेजबीनला घेऊन केंदूरला जाऊन आला. कबरीची जागा मी सांगितली होती, त्यानं शोधली.

कॅसेट जाळलेली नाही. मोजा धुवून वाळवला आणि परत त्यातच घातली. गाठ मात्र मारली नाही. तुमच्या मशीनची शिट्टी कमी होते का बघा, नाहीतर या एकदा शिरूरला, हळदीचं दूध देते आणि तुमच्यासमोर बसून सावकाश बोलते, म्हणजे ओठ दिसतील.

नगमाची आणि बिलालची अम्मी,
मदिना